विकतचे भय

आहार, निद्रा, भय आणि मैथुन या चार गोष्टींत मनुष्य आणि पशू सारखेच, असे आपले जुने सुभाषितकार सांगत आले आहेत. या चौघांपैकी तिघांसाठी मनुष्य द्रव्य वेचतो, यात कोणाला नवल वाटत नाही. परंतु चौथ्यासाठीही तो पदरचे पैसे मोजतो, एवढेच नव्हे तर भर उन्हात रांगेत तासभर उभा राहतो, हे पाहिले म्हणजे सुभाषितकारांची ही वाटणी पुन्हा एकदा तपासून घ्यावी असे वाटू लागते. कोणताही हरिण मौजेखातर वाघाच्या वाटेला जात नाही. भय विकत घेणारा प्राणी जगात एकच आहे, आणि भयाच्या बाबतीत तरी तो पशूंच्या पंक्तीतून उठून निराळ्या पाटावर बसला आहे.

मी म्हणतो आहे ते लोखंडी रुळांवरून उंच चढून एकाएकी खाली कोसळणाऱ्या, आणि कोसळता कोसळता माणसाचे डोके खाली व पाय वर करून सोडणाऱ्या गाडीविषयी. तिला मराठी नाव देण्याचे प्रयत्न कोणी केले असतील तर ते तग धरून राहिलेले दिसत नाहीत. आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘रोलर कोस्टर’ हाच शब्द रुळला आहे, आणि जी वस्तू मुळात रुळांवरचीच, तिच्या नावाने रुळावे याला माझी हरकत नाही. मुंबईजवळ गोराईला 1989 साली एस्सेल वर्ल्ड सुरू झाले तेव्हा या जातीच्या करमणुकीची महाराष्ट्राला पहिली मोठी ओळख झाली. ते 2022 साली बंद पडले. तत्पूर्वीच, 2013 साली, खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले होते. तेथील ‘नायट्रो’ नावाच्या गाडीला पायाखाली तळ नाही. पाय अधांतरी लोंबत असतात, आणि एका फेरीत ती माणसाला पाच वेळा उलटा करते. जुन्नर-आंबेगावची कॉलेजातली मुले वर्गणी काढून, जीप ठरवून तेथे जातात आणि परत आल्यावर आठवडाभर दुसऱ्या कशाविषयी बोलत नाहीत.

या गाडीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. रशियात हिवाळ्यात लाकडी सांगाड्यांवर बर्फाचे उंच उतार उभारून त्यांवरून घसरण्याचा खेळ सतराव्या-अठराव्या शतकांत चाले. म्हणून फ्रेंच लोक आजही या गाडीला ‘रशियन पर्वत’ म्हणतात. खुद्द रशियन लोक मात्र तिला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात! भयाचे श्रेय दुसऱ्याला द्यावे, ही वृत्ती सर्वत्र सारखीच म्हणायची. 1884 साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने पाच सेंटांत बसता येईल अशी गाडी चालू केली. ताशी सहा मैल हा तिचा वेग; आपली बैलगाडी घाट उतरताना कदाचित तिला मागे टाकील. थॉम्पसन धर्मशील होता, आणि लोकांनी गुत्त्यांत जाण्याऐवजी काही निर्मळ करमणूक करावी असा त्याचा हेतू होता. म्हणजे भय विकण्याच्या या धंद्याच्या मुळाशी नीतीचाच विचार होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

माणसाला पुरता उलटा करण्याची कल्पना त्याहून जुनी. 1846 साली पॅरिसात तसा प्रयोग झाला होता. परंतु ज्या प्रयोगाने शिकवण दिली तो 1895 सालचा, कोनी आयलंडवरचाच. त्या गाडीचा वळसा अगदी वर्तुळाकार होता, आणि वर्तुळ ही आकृती भूमितीच्या पुस्तकात कितीही निर्दोष असली तरी माणसाच्या मानेला ती मानवत नाही. वर्तुळाच्या माथ्यावरून गाडी निसटती पार पडेल एवढाच वेग ठेवला तरी तळाशी बसणाऱ्याला आपले वजन सहापट झाल्यासारखे भासते. पदार्थविज्ञानाचा कोणताही पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे गणित पाच ओळींत करून दाखवील. लोकांच्या माना आखडल्या, पाठी दुखावल्या, आणि गाडी काही वर्षांत बंद झाली. 1901 साली तेथेच लांबट वळशाची दुसरी गाडी आली. तिच्यात बसणाऱ्यांपेक्षा बाहेर उभे राहून पाहणारेच अधिक, अशी तिची ख्याती होती. खरा तोडगा निघाला तो 1976 साली. वर्नर स्टेंगेल या जर्मन अभियंत्याने आणि अँटन श्वार्झकॉफ या कारागिराने कॅलिफोर्नियात जी गाडी उभारली, तिचा वळसा वर्तुळाचा नसून पाण्याच्या थेंबासारखा होता: तळाशी पसरट, माथ्याशी आवळत गेलेला. या वक्ररेषेला ‘क्लोथॉइड’ म्हणतात, आणि ती काही नवी नव्हती. सरळ रुळावरची आगगाडी वळणात शिरताना डब्यातल्या माणसाला हिसका बसू नये म्हणून रेल्वेचे लोक याच जातीची रेषा कित्येक वर्षे वापरीत आले होते. प्रवाशाला धक्का कळूच नये यासाठी योजलेली रेषा, प्रवाशाने धक्का घ्यायलाच यावे अशा गाडीच्या उपयोगी पडली.

एवढा तपशील मी हौसेने दिला आहे खरा, पण त्यात एक तत्त्व दडलेले आहे. 1895 पासून 1976 पर्यंतची ही ऐंशी वर्षे माणसाने कशात घालविली? भयातून धोका वजा करण्यात. पूर्वी ही दोन्ही एकत्र येत. जेथे भय तेथे धोका, आणि जेथे धोका तेथे शहाण्याला भय. अभियंत्याने चाळणी लावून धोका खाली पाडला आणि भय तेवढे वर राखले. अशा या निथळून घेतलेल्या भयाला नैतिक मोल काय, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

आमच्या आलंकारिकांना भय आणि आनंद यांचे नाते ठाऊक होते. भरताने रसांत भयानकाला स्थान दिले ते उगाच नव्हे. युरोपात एडमंड बर्कने 1757 साली ‘उदात्त’ या कल्पनेची मीमांसा करताना, भय फार जवळ आले नाही म्हणजे त्यातूनच एक प्रकारचा आनंद उपजतो असे मत मांडले. दोघांच्याही विवेचनात एक अट समान आहे: प्रेक्षक दूर असला पाहिजे. रंगभूमीवरचा राक्षस रंगभूमीवरच राहतो, वादळातले जहाज समुद्रातच बुडते, आणि आपण काठावर असतो. रोलर कोस्टरने ही अटच मोडली. येथे प्रेक्षक आणि पात्र एकच. जहाजात आपणच बसलेले, आणि काठावरही आपणच.

शिवनेरीच्या उत्तर टोकाला ‘कडेलोट’ म्हणून जागा आहे. देहान्ताची शिक्षा झालेल्या अपराध्यास तेथून ढकलून देत. आता या नावाचा उच्चार करताना अंगावर काटा येतो तो का, हे सांगावयास नको. परंतु विचार करा: त्या कड्यावरून सुटलेल्या देहाला पहिल्या क्षणी जे जाणवत असेल, आणि खोपोलीच्या गाडीतून उतारावर सुटलेल्या देहाला जे जाणवते, त्यांत शरीराच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. वजन नाहीसे होते, पोट वर उचलल्यासारखे वाटते, कानाच्या आत समतोल राखणारे जे इंद्रिय आहे ते ‘पडलो’ एवढीच वर्दी देते. खाली दरी आहे की रूळ आहे, हे त्या इंद्रियाला विचारता येत नाही. एकाच्या वाट्याला ती शिक्षा म्हणून आली, दुसऱ्याने तिचे तिकीट काढले. शरीराने दोघांनाही तेच सांगितले.

या ठिकाणी आपल्या वेदान्त्यांचा एक आवडता दृष्टान्त अडखळतो. अंधारात दोरीला साप समजून माणूस भितो. दिवा आणला, दोरी दोरीच आहे असे कळले, की भय जाते. म्हणून ज्ञान हेच भयावर औषध. गाडीत बसणाऱ्याला मात्र आधीपासून लख्ख ठाऊक असते की ही दोरी आहे, साप नव्हे. दिवा त्याच्या हातातच आहे, आणि तरी तो किंचाळतो. पंचदशीकारांना हा पेच अगदीच अपरिचित नव्हता. दोरीचे ज्ञान झाल्यावरही अंगाचा कंप हळूहळूच शमतो, असे ते कबूल करतात. पण त्यांचा कंप ज्ञानापूर्वीच्या भयाचा अवशेष आहे. येथे कंप ज्ञानानंतर नव्याने उत्पन्न होतो. डार्विनने स्वतःवर केलेला एक प्रयोग 1872 सालच्या आपल्या ग्रंथात नमूद केला आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात विषारी सापासमोरच्या जाड काचेला तोंड लावून, काही झाले तरी मागे सरायचे नाही असा निश्चय करून तो उभा राहिला. सापाने फटकारा मारताच हा जगन्मान्य शास्त्रज्ञ विलक्षण चपळाईने यार्ड-दोन यार्ड मागे उडाला! काच फुटली नव्हती, फुटणार नव्हती, आणि हे त्याला पूर्ण ठाऊक होते.

तेव्हा भय आणि ज्ञान हे एकाच घरात सुखाने नांदू शकतात. मग गाडीतून उतरून छाती पुढे काढून चालणाऱ्या तरुणाला धीट म्हणावे काय? ॲरिस्टॉटलला विचारले तर तो नाही म्हणेल. मोठ्या कारणासाठी खऱ्या संकटापुढे उभे राहणे हे त्याच्या मते धैर्य. आपल्याला काही होणार नाही या भरवशावर जो उभा आहे तो धीट दिसला तरी धीट नव्हे. माझेही मत या बाबतीत त्याच्याच बाजूला झुकते. भय खरे असणे पुरेसे नाही. परंतु याची दुसरी बाजू मला पुस्तकांत सापडली नाही. ती वर्गात सापडली.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाली: माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. डिंभ्याच्या पाण्याखाली मूळचे आंबेगाव हे गावच गेले. आज तालुक्याला त्याचे नाव आहे, कचेऱ्या घोडेगावात आहेत. पाणी आले, पाण्यामागे ऊस आला, आणि उसामागे बिबट्या आला. डोंगरातले जंगल सोडून तो उसातच राहू लागला, त्याची पिले उसात जन्मू लागली. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र उघडावे लागले. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्री येते, आणि वीज येईल तेव्हा पाणी भरावयास जावेच लागते. हे भय कोणी विकत घेतलेले नाही. ते सातबाऱ्याबरोबर येते.

या भागातला एक मुलगा माझ्या तासाला असे. तो मित्रांबरोबर खोपोलीला जाऊन आला होता. मी सहज विचारले, “काय रे, भीती वाटली का?” तो म्हणाला, “लई वाटली सर, पोटात गोळाच आला.” मी म्हटले, “तू तर रात्री उसात पाणी भरायला जातोस. तेथल्यापेक्षा जास्त?” तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “तिथं ओरडता येतं, सर. घरी नाही येत. मी घाबरलो म्हटलं की वडील म्हणतात, तू झोप, मी जातो. त्यांना रात्रीचं नीट दिसत नाही आता.”

त्याच्या या उत्तराने माझे पुष्कळसे तत्त्वज्ञान बाजूला सारले. आपण भयाचा विचार करताना ते वाटते की नाही एवढेच पाहतो. ते दाखविता येते की नाही, हे पाहत नाही. उसातले भय त्या मुलाला गिळावे लागते, कारण ते दाखविले तर त्याचे ओझे वडिलांच्या डोक्यावर जाते. गाडीतले भय कोणाच्याच डोक्यावर जात नाही. तो ओरडला, शेजारचा ओरडला, दोघे हसले. कोणाचेही काही बिघडले नाही. विकतच्या भयाचा हा गुण आहे की त्याला उत्तरदायित्व नाही. ते धैर्य नव्हे, हे मी मघाशी म्हटले आणि आताही म्हणतो. पण ज्याला रात्रीचे धैर्य रोजच धरावे लागते, त्याने दिवसाउजेडी एकदा भेकडासारखे मनसोक्त किंचाळून घ्यावे, यात मला लाज वाटण्याजोगे काही दिसत नाही. उलट ज्याच्या आयुष्यात दुसरे कोणतेच भय नाही, तो याच गाडीतून उतरून पराक्रम गाजविल्याच्या गोष्टी सांगतो, तेव्हा मात्र ऐकवत नाही.

येथे एक कडक आक्षेप घेता येईल, आणि तो माझ्या एका सहकाऱ्याने घेतलाही. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसेना, आणि त्यातून बाहेरच्या जगाला वार्ता कळली. ज्या तालुक्याने असे पडणे पाहिले, तेथल्या मुलांनी पडण्याचा खेळ करण्यासाठी पैसे द्यावेत, हे हृदयशून्यपणाचे नाही काय? माझे सहकारी हे पोटतिडिकेने म्हणत होते, आणि त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. तथापि त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. पूर पाहिलेल्या गावात मुलांनी नदीत पोहू नये, असे आपण म्हणत नाही. माळीणला जे नव्हते ते भयही नव्हते. तेथे माणसे घरात होती, आणि पुष्कळांना भिण्याइतकाही अवधी मिळाला नाही. गाडीतले पडणे हे त्या पडण्याची नक्कल नव्हे. त्यात आधी चढ असतो, साखळीचा कडकडाट असतो, पुढे काय होणार हे दिसत असते, आणि मुख्य म्हणजे तळाशी पुन्हा वर नेणारा रूळ असतो. निसर्गाने यांपैकी काहीच देऊ केलेले नसते. म्हणूनच, वाटल्यास, माणसाने ते स्वतः बनवून घेतले असेल.

मग या करमणुकीत आक्षेपार्ह काहीच नाही काय? माझ्या मते आहे. मात्र तो आक्षेप भयावर नसून संमतीवर उभा राहतो. गाडीत बसणारा ‘होय’ म्हणून बसतो. पण आमच्या यात्रांत दुसऱ्याच्या जिवावरची मौजही चालते. पौष पौर्णिमेला नागापूरच्या थापलिंगावर खंडोबाच्या यात्रेत बैलगाडे पळतात. चढणीच्या घाटात जुंपलेले बैल आणि पुढे घोडी, आणि सारा खेळ काही सेकंदांचा. तो थरार मी पाहिला आहे आणि त्याची मोहिनी मला कळते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अशा शर्यतींवर बंदी घातली, 2017 साली राज्याने कायदा दुरुस्त केला, 2021 च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. कायद्याचा प्रश्न त्यामुळे मिटला. बैल जपणारा शेतकरी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवितो, हेही खरे. तरीसुद्धा बैलाचे भय बैलाने मागितलेले नसते, आणि त्याला ओरडून हसता येत नाही. शेतकऱ्याच्या प्रेमाने हा फरक सौम्य होतो, बुजत नाही.

त्याच्याही पलीकडे मौतका कुवा आहे. लाकडी फळ्यांच्या उभ्या विहिरीत मोटारसायकल फिरविणारा तरुण ‘होय’ म्हणूनच आत उतरलेला असतो, पण त्याचे ‘होय’ पोटाने म्हटलेले असते. तेथे धोका खराखुरा, आणि भय मात्र कठड्यावरून वाकून पाहणाऱ्यांच्या वाट्याचे. म्हणजे अभियंत्याने केलेली वजाबाकी येथे उलटी झाली: भय एकाला, धोका दुसऱ्याला. हात सोडून विहिरीच्या काठापर्यंत येत तो पोरगा आपल्या बोटांतली दहाची नोट ओढून घेतो, तेव्हा आपण नेमके काय विकत घेतले, याचा विचार करावयास गर्दी वेळ देत नाही.

आणि आकाशपाळण्याविषयी न लिहिता हा लेख संपविणे बरे नव्हे, कारण खोपोलीला जाणाऱ्या एका मुलामागे यात्रेतल्या पाळण्यात बसणारे शंभर तरी असतील. नारायणगावच्या मुक्ताबाईची यात्रा घ्या, श्रावणी सोमवारची ओतूरची कपर्दिकेश्वराची घ्या. तमाशाच्या राहुट्या नि खेळण्यांची दुकाने यांच्या वर हा दिव्यांचा चक्राकार डोलारा दुरून दिसतो. वर गेल्यावर बायका एकमेकींना घट्ट धरतात, पोरे टाळ्या पिटतात, सारे ओरडतात. भय खोटे आहे हा विश्वास सगळ्यांना आहे. तो खोटा ठेवण्याचे काम कोण करतो, हे मात्र कोणाला ठाऊक नसते. मोठ्या उद्यानांत दरवाजे उघडण्यापूर्वी गाड्या रिकाम्याच फिरवून पाहतात, खिळा न् खिळा तपासून वहीत सही करतात. बसणारा ज्याला आपले धाडस समजतो ते वास्तविक त्या सही करणाराची दक्षता असते. आपण गाडीत बसताना धैर्य दाखवीत नाही, विश्वास टाकतो. आणि ज्याच्यावर विश्वास टाकला त्याचे आपण काही देणे लागतो.

खोपोलीचा रूळ एकदा रोवला तो रोवला. यात्रेतला पाळणा मात्र दर आठवड्याला सुटा होऊन ट्रकवर चढतो आणि पुढच्या गावी रातोरात पुन्हा उभा राहतो. तोच नट, तोच बोल्ट, नवी जमीन. म्हणून पैसे देण्यापूर्वी मी तरी एकदा खांबाच्या बुडाशी जाऊन वाकून पाहतो. तेथे बहुधा एक पोरसवदा मुलगा हातात पाना घेऊन बसलेला असतो. रात्री तो पाळण्याखालीच झोपतो, असे मला एकदा त्यानेच सांगितले. “वर बसतोस का रे कधी?” म्हणून मी विचारले. “बसतो की,” तो म्हणाला, “पब्लिक बसायच्या आधी.”